फक्त ब्रेक दाबल्यावर

३ मार्च

उतारावर ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग थडथडायला लागलं. पाय उचलला — गप्प. पुन्हा दाबला — पुन्हा तेच! हात थरथरतायत की गाडी, काही कळेना.

खाली दवाखान्याच्या फाटकासमोर नेहमीसारखा थांबलो. तिसऱ्या मजल्यावर आमची ही होती, त्या खोलीच्या खिडकीचा पडदा बदललाय. ही जाऊन अख्खा हिवाळा सरला, तरी सकाळी घराबाहेर पडलो की गाडी याच उताराला लागते. ब्रेक दाबून तिथे थोडा वेळ उभं राहायचं, मग भाजी घेऊन घरी. लेकीला फक्त भाजी माहीत आहे. हँडब्रेक लावत नाही. लावला म्हणजे मुद्दाम थांबलो असं होतं.

५ मार्च

लेक आली होती. चहा पिताना म्हणाली, "बाबा, कप दोन्ही हातांनी का धरलाय?"

"गरम आहे."

"कान आहे की त्याला!"

मग बाजारात गेलो. मी चालवत होतो, ती शेजारी. चौकात ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग हललं. ती रस्ता बघतच नव्हती — माझे हात बघत होती.

"गाडीचं आहे ते," मी म्हटलं.

"मग दुरुस्त करून घ्या. आणि दुरुस्तीनंतरही हललं, तर किल्ली माझ्याकडे. भांडायचं नाही."

म्हटलं, ठीक. गाडीचंच आहे.

७ मार्च

गॅरेजवाला डोक्यावरची टोपी कधी काढत नाही. ही त्याला कॅप्टन म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. त्याला सांगितलं, फक्त ब्रेक दाबल्यावर हलते. त्याचं पान्ह्याकडे लक्ष. "चाकांचं बॅलन्सिंग गेलं असेल काका. सगळ्यांचं जातं." गाडी ठेवून आलो.

९ मार्च

बॅलन्सिंग झालं. थडथड आहे तिथेच.

१० मार्च

आज हट्टच धरला — तू स्वतः चालवून बघ. तो चालवायला, मी शेजारी. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला आणि ब्रेक दाबला.

"अरे बापरे! काका, माझेपण हात नाचले की!"

त्याला मिठी मारावीशी वाटली. अर्थात मारली नाही.

पुढची चाकं काढली. ब्रेकच्या डिस्कवर गेज धरून फिरवलं तर काटा मागेपुढे — कुठे जाड, कुठे पातळ. ब्रेकचे पॅड त्यावर घासताना उड्या मारतात, त्या स्टिअरिंगपर्यंत येतात. "आधीच्या मालकाने कधी हातच लावलेला दिसत नाही," म्हणाला. गाडी घेतली तेव्हाच जुनी होती. घेताना हिने वाकून चारही चाकांत डोकावून बघितलं होतं. मी रंग बघितला होता.

नव्या डिस्क, नवे पॅड.

लेकीला फोन केला. "गाडीच होती!"

"बरं," म्हणाली. ते "बरं" मला आवडलं नाही.

१८ मार्च

ब्रेक लोण्यासारखा. उतार, फाटक, खिडकी, भाजी. सगळं नीट.

ऑफिसात नकाशे काढायचो तेव्हा माझ्या रेघेचं नाव होतं. आज इथे मागच्या पानावर एक ओढली. सरळ आली. पट्टी धरून ओढली म्हणा. पट्टी धरल्यावर कुणाचीही येते.

२ एप्रिल

परत!! तीच थडथड!

४ एप्रिल

कॅप्टन आज हसला नाही. चाक काढून डिस्क दाखवली. लखलखीत गोलावर एक काळपट डाग — बरोबर पॅडच्या आकाराचा, दारावर ओला हात टेकल्यासारखा.

"काका, लांबच्या उताराने उतरता का? ब्रेकवर पाय ठेवून?"

"हो."

"आणि खाली आल्यावर दाबूनच उभे राहता?"

मी तो डाग बोटाने घासून बघितला.

"तापलेली डिस्क, वर दाबून धरलेला पॅड — पॅडचा थर तिथेच चिकटतो. रोज थोडा थोडा. नवी डिस्क घातली तरी तेच होणार. असे उभे कुठे राहता?"

"सिग्नलला."

त्या रस्त्याला सिग्नल नाही. कॅप्टन तिथलाच राहणारा आहे. त्याने टोपी सारखी केली आणि डिस्क घासून गुळगुळीत करायला लेथवर पाठवली.

५ एप्रिल

गाडी कायम हीच चालवायची. मी शेजारी, पिशव्या मांडीवर. पुढे आजारपणात मी चालवायला लागलो, तर शेजारून सूचना सुरू — "अहो, पाय उचला! गिअर खाली घ्या! गाडी आपणहून हळू होते, तिला किती दाबाल!"

मला वाटायचं, दुखण्यामुळे चिडचिड करते.

८ एप्रिल

गाडी आली. दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. मधूनच ब्रेकला पाय लावला, सोडला. फाटकाजवळ वेग आपोआप कमी झाला.

थांबलो नाही. पुढे गेलो. भाजी घ्यायची मात्र राहिली.

११ एप्रिल

कॅप्टनने एक बोट स्टिअरिंगवर ठेवून ब्रेक मारून दाखवला. ढिम्म हललं नाही. "आता तक्रार आली तर टोपी काढून देईन काका!"

उद्या लेक येणार. शेजारी बसून बघणार म्हणे. बघू दे!

१२ एप्रिल

ती यायच्या आधी खाली जाऊन गाडीत बसलो. सहजच. गाडी बंद, किल्ली खिशात. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. स्टिअरिंग लॉक होतं, हलणं शक्यच नाही.

हात हलत होते.

लेक आली तेव्हा मी बाजू बदलून शेजारच्या सीटवर बसलो होतो. किल्ली तिच्यापुढे धरली. घेतली तिने, पण दार उघडून तशीच उभी.

म्हटलं, "बस. तू चालव. मला इथली सवय आहे. उताराने घे — गिअर खाली घेऊन. फाटकापाशी थांब, आणि हँडब्रेक लाव."