निरोग्यांच्या रांगेतली नळी

ता. ४ मार्च

चि. शहाणीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

कुष्ठरोग कुणाला होतो नि कुणाला नाही, हे जनुकांत शोधायला निरोगी माणसांचंही रक्त लागतं म्हणून तू माझं नेलंस, तेव्हापासून दुकानात माझा रुबाब वाढलाय. कापड बेततानासुद्धा मी मान ताठ ठेवतो. परवा इस्त्री करताना जळका वास आला. कोट जळला म्हणून झटकन इस्त्री उचलली, तर माझंच मनगट भाजलं होतं. दुखलं म्हणशील तर मुळीच नाही. रक्त काढताना तू ज्या फिकट डागाला हसून उन्हात जायला सांगितलंस, तिथेच. तुझी वहिनी म्हणते, ही गेंड्याची कातडी.

लोभ असू दे, पत्र लवकर टाक.

दादा

ता. ९ मार्च

ती. दादास, शि. सा. न.

पत्र उभ्यानेच वाचलं. अकरा वर्षं ह्या रोगावर काम करते, सभांमध्ये भिंतीएवढे चट्टे दाखवते, आणि सख्ख्या भावाच्या मनगटावरचा चट्टा बघून उन्हात जा म्हणते. तुझ्या रक्ताच्या नळीवर ‘निरोगी’ अशी चिठ्ठी आहे, तीही माझ्याच सुवाच्य अक्षरात. माझ्या अकलेचे दिवे बघायला लोक लांबून येतील.

उद्याच त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. कुष्ठरोग असू शकतो. गोळ्यांनी तो पूर्ण बरा होतो, पण उशीर झाला तर कात्री धरणारी बोटं दुबळी होतात. मला फार भीती वाटते आहे.

माझ्यावर राग धर, पण लोभ सोडू नकोस.

तुझी शहाणी (म्हणे)

ता. २१ मार्च

चि. शहाणीस, आशीर्वाद.

तोच निघाला. गोळ्या सुरू केल्या. आता माझ्यापासून कुणाला धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले. तरी मी मापं घ्यायचं सोडलंय. गिऱ्हाइकांना जुने कपडे मापाला आणायला सांगतो. लेकीच्या गणवेशाचं माप तर दारात उभा राहून नजरेने घेतलं. एक बाही गुडघ्यापर्यंत आली.

एकच विचारतो. हे आपल्या रक्तातच होतं का? तिच्यातही असेल?

दादा

ता. २६ मार्च

ती. दादास, शि. सा. न.

तुझी नळी तपासली, मग माझंही रक्त. धोका थोडा वाढवणारा जनुकातला तोच एक बदल दोघांतही आहे. तुला रोग झाला, मला नाही. म्हणजे अकरा वर्षं खपून मला घरबसल्या कळलं, की एकटं जनुक काही ठरवत नाही. बहुतेकांचं शरीर ह्या जंतूला आपसूक परतवून लावतं. लेकीला डॉक्टरांना दाखवून आण आणि मग तिला खुशाल जवळ घे.

तुझी नळी निरोग्यांच्या रांगेतून काढली. चिठ्ठी बदलताना रडले, मग शिंकल्याचं सोंग केलं. रविवारी येते. मला कामावरचा पांढरा कोट शिवायचाय. जुना आणणार नाही. माप तू हातांनी घ्यायचंस.

तुझी शहाणी

ता. ३० मार्च

चि. शहाणीस, आशीर्वाद.

रविवारी जरूर ये. तू जाड झाली असशील तर आकडा मोठ्याने सांगणार आहे.

डॉक्टरांनी लेकीला तपासलं, तिला काही नाही. घरी आल्यावर तिचं माप घेतलं, टेप लावून. दोन इंच वाढली आहे, आणि मला पत्ताच नव्हता.

तुझा दादा