पांढरं कार्ड

चिचगड,
९ फेब्रुवारी २०१४

प्रिय उर्वशी,

सर्वात आधी, पोत सोनाराकडे दिली असशील तर परत आण. आईच्या ऑपरेशनसाठी ती मोडायला निघालीस, हे मला कळलं. लेकीच्या गळ्यातलं उतरवून बायकोचं ऑपरेशन करणारा झामसिंग अजून जन्माला यायचा आहे. तुझ्या आईच्या हृदयाची झडप बदलायची आहे, ती नागपूरला बदलली जाईल आणि सरकारच्या योजनेत फुकट बदलली जाईल. मी सगळं करून आलो आहे. जावईबापूंना, खुमेंद्ररावांनाही सांग, रायपुरात बसून काळजी करू नका.

कसं केलं ते सांगतो, कारण फुशारकी मारायची संधी मी सोडत नाही. नागपूरच्या दवाखान्यात योजनेच्या टेबलावर एक पोरगी बसते, आरोग्यमित्र म्हणतात तिला. मी ऐटीत रेशनकार्ड पुढे केलं. तिने उघडलंसुद्धा नाही, रंग पाहूनच परत सरकवलं. पिवळं चालतं, लाखाच्या आतल्या उत्पन्नाचं केशरी चालतं. पांढरं चालत नाही. तुझी आई बाकावर धापा टाकत बसलेली आणि मी त्या पोरीला सांगतोय की आम्ही खानदानी पवार आहोत. ती म्हणाली, "काका, खानदानी लोकांसाठी वेगळी योजना नाही निघाली अजून."

ते पांढरं कार्ड घरात कसं आलं, ते तू पाहिलंच आहेस. नव्व्याण्णव साली तीन रंगांची कार्डं निघाली आणि त्याच साली तुझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं. आपल्यात सोयरिकीला पाहुणे आले की चहा येईस्तोवर बैल, विहीर, धानाची ढोली सगळं नजरेनं मोजून होतं. मी म्हटलं, कार्डही मोजतील. पाच एकर धान, वर्षाकाठी पंचवीस हजार हाती येताना नाकी नऊ यायचे, पण अर्जावर ठोकून दिले सव्वा लाख. उत्पन्न कमी दाखवणारे ढिगानं असतील, वाढवून दाखवणारा अख्ख्या तालुक्यात मीच. कार्ड देवाच्या फोटोखाली टेकवून ठेवलं, दारातून शिरताच दिसेल असं. रेशनचं धान्य तेव्हापासून बंद. तुझी आई एकदाच बोलली, "रंगानं पोट भरते का जी?" पुन्हा तिनं विषय काढला नाही.

तर मी देवरीच्या तहसीलमध्ये गेलो आणि प्रतिज्ञापत्र केलं. माझं वार्षिक उत्पन्न साठ हजार रुपये. लिहिण्याआधी दोनदा पेन खाली ठेवलं, खोटं कशाला सांगू. तलाठ्याला चौकशीसाठी दोन पंच हवे होते. शेजारच्या शालीकरामला मी बांधावर गाठलं, इकडचं तिकडचं बोललो आणि शेवटी कागद पुढे केला. त्यानं सही ठोकली आणि म्हणाला, "झामसिंग, तू कायले लपवून राहिला होतास? गावाले तं पंधरा वर्षांपासून मालूम हाये." मला आधी संताप आला. मग इतकं हसू आलं की बांधावरच बसलो. ज्या इभ्रतीला मी एवढा जपत होतो, तिच्यावर गाव मजेत हसत होतं. परवा केशरी कार्ड हातात पडलं. योजनेची मंजुरीही आली आहे. ऑपरेशन एकोणीस तारखेला. तुझ्या आईला तू उशाशी हवी आहेस, ती रोज विचारते.

आता जे फोनवर बोलता येत नाही ते लिहितो. अर्जाला जुने कागद लागतात म्हणून पत्र्याची पेटी उपसली, तर सातबाराच्या खाली एक लिफाफा निघाला. निघाला कसला, मीच ठेवला होता. बारावीनंतर तू भंडाऱ्याला नर्सिंगचा अर्ज केला होतास. मी तुला सांगितलं की यादीत नाव नाही. तू तीन दिवस जेवली नाहीस, आणि त्यानंतर आजवर म्हणत आलीस, "माझं डोकंच कमी." पोरी, पत्र आलं होतं. फी माफीसाठी वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला घेऊन आठ दिवसांत या, असं त्यात होतं. दाखल्यावर खरा आकडा आला असता, गावभर झाला असता, आणि त्याच गुरुवारी खुमेंद्ररावांच्या घरचे पाहायला यायचे होते. फी भरायची माझी ऐपत नव्हती आणि तसं म्हणायची हिंमत नव्हती. गेल्या आठवड्यात तपासण्यांसाठी दवाखान्यात होतो, तेव्हा तुझ्याच वयाची एक नर्स आईचा हात हातात घेऊन नस शोधत होती. मला तिथं उभं राहवेना, मी बाहेर जाऊन रडलो. आईसाठी उत्पन्नाचा जो कागद मी लाज सोडून केला, तो तुझ्यासाठी केला नाही. ते पत्र सोबत पाठवतो आहे. तू आईसाठी येशीलच, पण माझ्याकडे बघशील तेव्हा हे वाचलेलं असू दे, म्हणून आधी लिहिलं. यादीत तुझं नाव होतं, उर्वशी. चौथं होतं.

तुझाच,
बाबूजी