मधलं फाटक

१८ जानेवारी, शनिवार

पाठ मोडली! आमचा चढाईचा गट पहाटे पाचला कड्याखाली हजर, दहाला उन्हानं हाकलून लावलं. पण वाटेचा वरचा टप्पा झाला एकदाचा – दगडी पायऱ्या बसल्या, पाण्याला चर काढला, ब्लॅकबेरीची काटेरी जाळी मुळापासून उपटली. मेलबर्नहून चार नवीन माणसं आली होती. त्यातली एक, कोऱ्या हातमोज्यांची, मला विचारते, तुम्ही हे फुकट करता? म्हटलं, फुकट कसं, पाठदुखी मिळते ना! नंतर तिनंच सगळ्यांत जास्त दगड वाहिले. चांगली आहे.

परतताना त्यांच्यातला एकजण गाडीतून उतरून मधलं फाटक लावायला निघाला. मी अशी किंचाळले की बिचारा जागीच थिजला. अल्बीची एवढी एकच अट आहे – कागद नाही, सही नाही, तीस वर्षं नुसत्या तोंडी शब्दावर आम्ही त्याच्या रानातून कड्याशी जातो. फाटक जसं दिसेल तसं ठेवायचं. उघडं तर उघडं, लावलेलं तर लावलेलं. आपलं डोकं चालवायचं नाही. उन्हाळ्यात त्याच्या मेंढ्या वरच्या कुरणातून त्याच फाटकातून खालच्या तळ्यावर पाण्याला येतात. शहरातल्या माणसाला उघडं दार दिसलं की त्याचे हात शिवशिवतात.

डुगल एकटा मागे राहिला. कड्यावरचा, दोर अडकवायचा गंजलेला बोल्ट बदलूनच येतो म्हणाला. अकरा वर्षं आम्ही दोघं एका दोरावर चढतोय, ऐकलंय कधी त्यानं माझं?

उद्या त्रेचाळीस अंश सांगितलंय.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी अल्बीचा फोन. नुसतं म्हणाला, "लिओनी, ये."

मधलं फाटक लावलेलं होतं. साखळी आकड्यात नीट अडकवलेली. आणि वरच्या बाजूला, फाटकाला चिकटून, एकमेकींच्या अंगावर – मेलेल्या मेंढ्या. तीसेक तरी असतील. तळं तिथून हाकेच्या अंतरावर. पाणी दिसत होतं त्यांना! दिसत होतं म्हणूनच तर सगळ्या तिथं येऊन रेटत राहिल्या.

दिवसभर ट्रॅक्टरनं ओढून खड्ड्यात लोटल्या. तोंडाला फडकं बांधून मी पाय धरत होते, तो साखळी लावत होता. त्यात ती कान फाटलेली म्हातारी मेंढी निघाली – त्याच्या बायकोनं, जीननं, बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. जीनला जाऊन सहा वर्षं झाली. त्या मेंढीला म्हातारा अजून नावानं हाक मारायचा. तिला त्यानं ट्रॅक्टरला बांधू दिलं नाही. दोघांनी उचलून नेली.

संध्याकाळी त्यानं रस्त्याकडच्या फाटकाला कुलूप घातलं. माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझी माणसं, पोरी."

छप्पन्न वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारं जगात एवढंच माणूस उरलंय.

२१ जानेवारी

ओरडला असता तर बरं झालं असतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

पबच्या मागच्या खोलीत सगळे जमलो. जो तो मेलबर्नच्या त्या चौघांच्या नावानं खडे फोडत होता. पण ते चौघे माझ्या पुढच्या गाडीत होते. मी बाहेर पडले तेव्हा फाटक उघडं होतं, कुंपणाला टेकवलेलं, खाली दगड लावलेला – डोळ्यांसमोर आहे माझ्या. मागे राहिला होता एकच माणूस.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! सगळ्यांदेखत म्हणाले, "शेवटचा तूच होतास, डुगल. निदान कबूल तरी कर."

तो लालबुंद झाला. आधी हसला, त्याला वाटलं मी गंमत करते. मग म्हणाला, मी त्या फाटकाला बोटही लावलं नाही. मी म्हटलं, मेंढ्यांनी स्वतःच साखळी अडकवली असेल मग. कुणीतरी फिसकन हसलं. डुगलनं गटाचं ड्रिल टेबलावर ठेवलं, अवजारांच्या पेटीची किल्ली त्यावर ठेवली आणि निघून गेला.

अकरा वर्षं माझा जीव ह्या माणसाच्या हातातल्या दोरावर टांगलेला असायचा. तेव्हा एकदाही शंका आली नाही. आज चार माणसांत त्याला खोटारडा ठरवून आले. आणि खोटं सांगत नाही, तेव्हा मला बरं वाटलं – राग काढायला कुणीतरी मिळालं म्हणून.

२ फेब्रुवारी, रविवार

भोपळ्याचे स्कोन भाजून अल्बीकडे घेऊन गेले. जीनच्या हातचे व्हायचे तसे नाही जमत. तरी चार खाल्ले त्यानं. कड्याबद्दल अवाक्षर नाही. मीही काढलं नाही. ह्या महिन्यात कड्यावरची ससाण्याची पिल्लं शिकार करायला शिकत असतील, दुर्बीण घेऊन बघायला जायचे मी. ह्या वर्षी नाही.

निघताना विचारतो, "आयन नाही आला?"

माझ्या नवऱ्याला, आयनला, मला सोडून पर्थला जाऊन चौदा वर्षं झाली. मी हसून म्हटलं, त्याला यायला जरा उशीरच होईल. तोही हसला. गाडीत बसल्यावर मात्र ते हसू मला बरोबर वाटेना.

९ फेब्रुवारी, रविवार

लिहिते. कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून लिहिते.

तळ्यावरचा पंप कुरकुरतोय म्हणून अल्बीनं बोलावलं होतं. त्याच्या पिकअपमधून खाली गेलो, वायसर बदलला, परत निघालो. मधल्या फाटकाशी त्यानं गाडी थांबवली, उतरला, दगड बाजूला केला, फाटक ओढलं, साखळी आकड्यात अडकवली. मेंढ्या सगळ्या वरच्या बाजूला. मला वाटलं कातरणीसाठी अडवून ठेवतोय. त्याचं रान, त्याच्या मेंढ्या – मी कोण विचारणारी?

घरी ओट्यावर चहा घेत बसलो. अर्धा कप झाला असेल. म्हाताऱ्यानं खाली बघितलं आणि ताडकन उठला.

"फाटक कुणी लावलं? तुझी माणसं शिरलीत परत!"

चेष्टा करतोय असं वाटून मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. चेष्टा नव्हती. चहा शर्टावर सांडला. म्हणाला, माझी जनावरं मारायला उठलेत सगळे, जीन असती तर बंदूक घेऊन उभी राहिली असती. मी म्हटलं, तुम्ही बसा, मी बघते. चालत खाली गेले, साखळी काढली, फाटक उघडलं, दगड लावला. मेंढ्या माझ्या मांड्यांना घासत पाण्याकडे पळाल्या. मी फाटकाला धरून मोठ्यांदा रडले. तिथं ऐकायला कोण होतं!

डुगल खरं बोलत होता. चोर सोडून संन्याशाला फाशी – आणि फाशी देणारी मी.

१० फेब्रुवारी

बेकरीत दिवसभर चुकीचे पाव बांधून दिले लोकांना. कामात लक्ष नाही.

रोझलिन, अल्बीची मुलगी, बेंडिगोला असते. वर्षभर त्याच्यामागे लागली आहे – एकटे राहू नका, तिथं माझ्या घराजवळ वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली आहे. म्हातारा दर वेळी एकच सांगतो, मला इथून न्यायचं तर आडवा न्या. पोरगी वाईट नाही. गेल्याच आठवड्यात फोनवर म्हणाली होती, माझ्या हातात असतं तर तुमचा कडा उद्या उघडला असता, बाबांचं डोकं ठिकाणावर आहे ना तेवढं सांग. मी म्हटलं होतं, ठणठणीत आहेत.

आता मी एक वाक्य बोलायचा अवकाश. कडा उघडेल. डुगलचं नाव धुऊन निघेल. तीस वर्षांची वाट, पायऱ्या, सगळं परत मिळेल. आणि अल्बी बेंडिगोला एका खिडकीशी बसेल, बाहेर गाड्यांची रांग.

आयन गेला त्या हिवाळ्यात हाच माणूस पिकअपभर लाकडं घेऊन आला होता. फोडली, रचली, टोपी सारखी केली, गेला. पुढच्या हिवाळ्यातही आला. माझ्या सख्ख्या बापानं फोनसुद्धा केला नव्हता.

नाही बोलणार.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डुगलनं रोझलिनला फोन केलाय. त्याचा तरी काय दोष? गावात कुणी नीट बोलत नाही त्याच्याशी, दुकानात शिरला की गप्पा थांबतात. त्यानं तिला शपथेवर सांगितलं की मी निघालो तेव्हा फाटक उघडंच होतं. रोझलिन हुशार आहे. मला म्हणाली, तुमच्यापैकी कुणी लावलं नसेल तर रानात दुसरं माणूस एकच उरतं. शनिवारी येते आहे. बाबांना समोर बसवून विचारणार.

तो काय सांगेल? त्याला ठाऊकच नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

केलं.

अल्बीच्या स्वयंपाकघरात तिघंच. रोझलिननं विचारलं मला, पण बघत होती बापाकडे. तुझी माणसं आधी गेली, डुगल उघडं ठेवून गेला, मग लावलं कुणी? म्हातारा अंगठ्यानं टेबलावरचा डाग पुसत बसला होता. तो डाग जीनच्या काळापासून तिथं आहे, निघणारा नाही.

मी म्हटलं, "मी लावलं."

दुपारी पाण्याची बाटली आणायला परत गेले होते, येताना उन्हानं डोकं फिरलं होतं, नकळत लावून टाकलं – सगळं सरळ सांगितलं, आरशासमोर म्हणून बघितलं होतं आधी. रोझलिनचं तोंड कडू झालं. "आणि इतके दिवस गप्प बसलीस? त्या डुगलचं नाव घेऊन?"

"हो."

अल्बीनं मान वर केली. माझ्याकडे बघत राहिला. शिव्या देईल, हाकलून देईल, अशी तयारी ठेवली होती मी. तो म्हणाला, "चहा निवतोय, पोरी."

गाडी फाटकाबाहेर काढली तेव्हा आत कुठेतरी हलकं वाटत होतं. म्हातारा आपल्या ओट्यावर राहील. बाकी जळो.

१६ फेब्रुवारी

डुगल दारात उभा राहिला. आत ये म्हटलं, आला नाही.

"तू लावलंस? आणि पबमध्ये माझ्यावर ढकललंस?"

खरं सांगावं असं इतकं वाटलं! पण डुगलच्या पोटात काही राहत नाही. दुपारपर्यंत रोझलिनला कळलं असतं. मी मान खाली घातली. त्यानं गॅरेजमधून आमचा दोर काढला, खांद्यावर टाकला. तू पडली असतीस तर मी हात भाजून घेतले असते पण दोर सोडला नसता, एवढं म्हणाला. शांतपणे म्हणाला. जाताना माझ्या कुत्रीच्या डोक्यावर हात फिरवला. तिच्याशी त्याचं भांडण नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

गटानं मला काढलं. फोन केला, तोही आडून आडून. मी म्हटलं, बरोबर केलंत. वाटेची देखरेख आता ज्याला जमेल तो करील. कडा बंद आहे, तेव्हा देखरेख तरी कसली!

बेकरीत मॅक्ग्रेगरबाई माझ्या हातून पाव घेत नाहीत, काउंटरवरची दुसरी मुलगी रिकामी होईपर्यंत थांबतात. त्यांचीही मेंढरं आहेत. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं, वर दोन शब्द सुनावले असते.

रविवारची सकाळ एवढी लांब असते हे मला माहीतच नव्हतं. बूट घासले. परत घासले. अल्बीला फोन करावासा वाटतो, पण आता मी त्याच्या मेंढ्या मारणारी बाई. त्या घरी मी कोणत्या तोंडानं जाऊ? त्याला वाचवलं, आणि तोच गेला हातचा. डुगल गेला, कडा गेला. कधी कधी वाटतं, ओरडून सांगावं सगळ्यांना. मग ती लाकडं आठवतात.

१ मार्च, शनिवार

रोझलिनचा फोन. आधी नुसती रडत होती.

त्या दिवसापासून बाबा झोपले नाहीत म्हणाली. काल तिला बोलावून घेतलं आणि सांगितलं – "ती पोर खोटं बोलते आहे. मला काही आठवत नाही, पण लिओनी त्या फाटकाला हात लावणार नाही, एवढं पक्कं ठाऊक आहे. मग उरलो मी. मला घेऊन जा."

सोमवारी बेंडिगोला नेते आहे. रस्त्याकडचं कुलूप त्यानं सकाळी स्वतः काढलं. तुझ्या माणसांना सांग, या म्हणाला.