थाळीत मेला, हातात जिवंत

१४ नोव्हेंबर २०१७, दिग्रस

वेचणीला बाया मिळेनात. अळी पडलेल्या कापसानं अंगाला खाज सुटते, म्हणून सगळ्यांनी पाठ फिरवली — बरोबरच केलं! शेवटी शीला स्वतः वावरात गेली. जाताना मला म्हणाली, "चार एकर कापूस का तुमच्या लेखणीनं वेचू?" संध्याकाळी आली ती उजव्या अंगठ्याच्या बुडाशी बोंडाचा ओरखडा घेऊन. वर खाजवून खाजवून लाल केलेला.

१९ नोव्हेंबर

ओरखड्याचा फोड झाला, फोडात पू. मेडिकलवाल्या खेमसिंगनं तीन कॅप्सूल आणि एक ट्यूब दिली. डॉक्टरची चिठ्ठी नको का, विचारलं. "चिठ्ठी कायले, संपादक साहेब? साऱ्या गावाले हेच देऊन राह्यलो!" — हे तो अभिमानानं सांगतो!

पट्टी मीच करतो. पुवाचा वास मला सोसत नाही, म्हणून आधी चिमूटभर तपकीर ओढतो, मग बोटावर मलम घेऊन लावतो, मग फुंकर घालतो. फुंकर घातली की शीला डोळे मिटते. सव्वीस वर्षांच्या संसारात तिला माझं एवढं एकच काम पसंत पडलेलं आहे.

२७ नोव्हेंबर

तपासणीला कृषी खात्याचे साहेब आले. बोंड फोडून पाहिलं, म्हणाले, "अळी आहे." आम्हाला वाटलं हत्ती असेल!

५ डिसेंबर

यवतमाळला नेलं. पुवाचा रिपोर्ट आला — औषधांची लांबलचक यादी आणि जवळजवळ प्रत्येकापुढे एकच शेरा: चालत नाही. अळीवर बीटी बियाणं चालत नाही, जंतूवर गोळ्या चालत नाहीत. या जिल्ह्यात आता चालतं काय?

डॉक्टर म्हणाले, एक इंजेक्शन उरलंय, ते देऊन बघू. नाहीतर अंगठ्याचं काही सांगता येत नाही. शीलानं शांतपणे विचारलं, "मंग ब्लाऊज कापाले कैची कोन्त्या हातानं धरू, साहेब?" साहेबांनी इंजेक्शनची चिठ्ठी लिहून दिली.

१६ डिसेंबर

इंजेक्शनं झाली. आराम पडावा म्हणून शीला माहेरी, पुसदला. भावजय पट्टी करते. फोनवर म्हणाली, जखम सुकून राह्यली. माहेरची हवा म्हणे!

२४ डिसेंबर

शीला परत येऊन पाच दिवस झाले. अंगठा पुन्हा टम्म. मी रागारागानं खेमसिंगवर लेख लिहून आमच्याच साप्ताहिकात दिला. तीन-तीन कॅप्सूल वाटून ह्यानं गावभर जंतूंची तालीम घेतली, असं लिहिलं. चांगला जमलाय.

२८ डिसेंबर

बहिणीची वैष्णवी आली. नागपूरला प्रयोगशाळेत नवं औषध शोधते. बेडकाच्या कातडीत म्हणे प्रथिनाचे बारीक तुकडे असतात, पेप्टाइड. ते जंतूच्या पापुद्र्यालाच भोकं पाडतात, म्हणून डबक्यात राहूनही बेडकाच्या कातडीला सहसा काही होत नाही. तसलेच तुकडे ह्या पोरी बाटलीत तयार करतात. मी म्हटलं, "बेडूक हुशार. मेडिकलमधून तीन कॅप्सूल आणत नाही."

तिनं मामीच्या पुवाचा नमुना घेतला. मग बारीक कापूसकाडी काढून म्हणाली, घरातल्या सगळ्यांच्या नाकातला नमुना पाहिजे. शीलानं दिला. कामाला येणाऱ्या रामीबाईनं दिला — "मायं नाक तं कोनी फोटोसाठी बी मागतलं नाही!" मी साफ नाही म्हटलं. दुखणं हातात, आणि ह्या नाकं धुंडाळतात! शीला म्हणाली, "द्या ना! जगाच्या चुका काढाले नाक पुढं असते, मंग आता काहून मागं?" दिला. चार वेळा शिंकलो.

९ जानेवारी २०१८

वैष्णवीचा फोन. आवाज आनंदानं फुटत होता. मामीचा जंतू त्यांनी प्रयोगशाळेतल्या काचेच्या थाळीत वाढवला, वर पेप्टाइडचा थेंब टाकला — थेंबाभोवती सगळा साफ! "मामा, मेला तो!"

"मग पाठव थेंब."

मग म्हणाली, अजून औषध नाही ते. जंतूबरोबर रक्ताच्या पेशीही फुटतात. सुधारून राह्यलोत. मग उंदीर, मग माणसं. आठ-दहा वर्षं तरी.

मी बोललो तिला. नको ते बोललो. थाळीत मरतो तो हातात काहून मरत नाही? शीलाचा अंगठा काय तुमच्या थाळीपेक्षा हलका? पोरगी रडली असावी. ऐकणारी शीला म्हणाली, "तिले कायले बोलता? तिनं का फोड आणला मायावर?"

कोणी तरी आणलाच ना! तो सापडला की त्याच्यावर असा लेख लिहीन की सात पिढ्या खाजवत बसतील.

१० जानेवारी

डॉक्टर म्हणतात, आठवडाभरात उतार नाही पडला तर शस्त्रक्रिया. रात्रीची पट्टी मी जरा जास्तच मन लावून केली. मलम दुप्पट. फुंकरही.

१३ जानेवारी

वैष्णवीचा पुन्हा फोन. आधी मीच माफी मागितली. ती म्हणाली, "मामा, ते राहू द्या, आधी ऐका." रामीबाईचं नाक साफ. मामीचं साफ. हातातला जंतू आणि तुमच्या नाकातला एकच. तुमाले त्याचा त्रास नाही, तुमी फक्त बाळगून हाय. मग तिनं विचारलं, "पट्टी कोण करते?"

तपकिरीची चिमूट. तेच बोट मलमात. वर फुंकर. पुसदला यातलं काहीच नव्हतं.

१४ जानेवारी

माझ्या नाकात घालायचं मलम सुरू झालं. तपकिरीची डबी चुलीत टाकली. पट्टी रामीबाईनं केली, साबणानं हात धुऊन. मी ओसरीवर बसलो होतो.

आतून शीलाचा आवाज आला, "अवो, लई झोंबते. फुंकर तं घाला!"

उठलो नाही.