थंड खोलीची काच

पनवेल, १ नोव्हेंबर १९९६
आज सुपरवायझर म्हणून रुजू झालो. दुकान कसलं, गोदामच! छतापर्यंत मैद्याची पोती, तेलाचे डबे, कवेत घ्याव्या लागतील अशा लोणच्याच्या बरण्या. हायवेवरचे हॉटेलवाले टेम्पो घेऊन येतात, उरणच्या खानावळवाल्या येतात आणि घरगुती गिऱ्हाईकही येतं. मागे लोणी-मटारांची थंड खोली, दाराला छोटी काच. राहायला वर माळा मिळाला. बार्शीला आईला कळवलं, मजेत आहे.

४ नोव्हेंबर, सोमवार
सुट्टी. ओळखीचं कोणी नाही. दुपारी रिकाम्या गोदामातच डबा उघडला. थंड खोलीतून बाईच्या आवाजात कोणीतरी विचारलं, एकटाच जेवतोस? दार उघडून पाहिलं. मटारांची खोकी, बस्स.

७ नोव्हेंबर
ओवे गावच्या काशीराम हमालाला हे सांगितलं. त्याचा चेहराच उतरला. "सायेब, त्या दाराशी बोलू नका. आधीचे सायेब बोलायचे. मंग येक दिवस नोकरी सोडून गेले. जाताना आमाला वलखलं पन नाय."

११ नोव्हेंबर, सोमवार
दुकानात माझ्याशी लोक फक्त मालाच्या भावाचं बोलतात. थंड खोलीतल्या तिने मात्र आईचे गुडघे कसे आहेत विचारलं. दाराला पाठ लावून बसलो आणि बोलत राहिलो. मोडलेलं लग्न, सगळं. कितीतरी दिवसांनी कोणी ऐकून घेतलं.

१३ नोव्हेंबर
काशीराम विचारत होता, थंड खोलीतून हाका का मारल्या? मी तर गल्ल्यावर होतो. मग मीही ऐकलं. माझाच आवाज.

१४ नोव्हेंबर
आत तो माझ्या आवाजात रडतोय. माझ्यासारखाच, हुंदके गिळत. उघडू नये हे कळतं. पण ऐकवत नाही —

मी आत. दार लागलं. वही हातातच राहिली.
काचेतून दिसतंय. माझा शर्ट, माझाच चेहरा घेऊन तो गल्ल्यावर बसलाय. गिऱ्हाइकं त्याच्याशी हसून बोलताहेत. माझ्याशी असं कधीच —

थंडी. बोटं वळत नाहीत.
काशीराम त्याच्याकडे बघतो, मग इकडे. त्याला कळलंय. काचेशी आलाय. "सायेब, तुमी हाय का आत?"
जवळ येऊ नको, असं ओरडायला हवं. ती कानाशी म्हणते, बोलाव त्याला. मी माझं तोंड दाबून धरलंय. पण इथे फार एकटं — काशीराम, मी —