बाजाररस्त्याखालची नाडी

१२ जाने.
कमलाबाई परत ऑफिसात. अंगणवाडीतून रिटायर झाल्या, घर बाजाररस्त्यावर. टेबलावर बाटली ठेवली. "मॅडम, तुमच्या नळाचं पाणी. घ्या दोन घोट." रंग ताकातल्या हळदीचा. वास गटाराचा. जुना पाइप सडलाय हे नगर परिषदेत सगळ्यांना ठाऊक. पण वर नवाकोरा सिमेंट रस्ता. पाणीपुरवठ्याची इंजिनिअर मी; तो फोडू म्हटलं तर दुकानदार मलाच फोडतील.

२० जाने.
दुकानदारांसोबत बैठक. मी सांगितलं : रस्ता न खोदता मशीनने खालून आडवं भोक पाडू, त्यातून नवा पाइप ओढू. फळ्यावर चित्रं काढून दाखवली.
कापडवाले बाबारावकाका : "म्हंजे पायजम्यात नाडी ओवल्यावानी?"
हो, अगदी तसंच! सगळे हसले, पण समजलं. माझ्या चित्रांनी जे झालं नाही ते नाडीनं झालं. नगर परिषदेचे अध्यक्षसाहेब तयार. जबाबदारी मात्र माझी एकटीची.

३ फेब्रु.
मशीन आलं. ऑपरेटर जगतारसिंग, पंजाबचा. रस्त्याच्या या टोकाला एक खड्डा, त्या टोकाला एक. बस. बाबारावकाका खुर्ची टाकून दिवसभर समोर. संध्याकाळी म्हणे, "पोरी, काम कवा सुरू होते?"
सकाळपासून सुरूच होतं.

५ फेब्रु.
कमलाबाईंचा फोन. "मॅडम, पळत या! माह्या न्हाणीतून जमीन उकळून राह्यली!"
खरंच. मोरीतून राखाडी चिखल बुडबुड. भोक ढासळू नये म्हणून मशीन आत पातळ माती सोडतं, ती फट शोधत इथे निघाली. मशीन थांबवलं. रडू येत होतं.
जगतारसिंग : "मैडम, मुल्तानी मिट्टी की बहन है।"
हे बोलायला नको होतं. शेजारणी वाट्या घेऊन हजर. मी ओरडतेय, तोंडाला लावू नका गं! कोण ऐकतं.

६ फेब्रु.
काम बंद. ऑफिसात टोमणे. "खोदलं असतं तर..." वगैरे. बाबारावकाका : "नाडी अटकली का?"
कमलाबाईंची माफी मागायला गेले. न्हाणी धुऊन देते म्हटलं. त्या भडकल्या. "न्हाणी मी धुतो वं. तू कायले आली इथं? पाइप ओढ जाय!"

९ फेब्रु.
या वेळी भोक जास्त खोल. कमलाबाई न्हाणीत पाट टाकून पहाऱ्यावर, फोन कानाला. "कोरडं हाय... कोरडंच हाय... माही कंबर धरली, पण कोरडं हाय."
दुपारी ड्रिलचं टोक पलीकडच्या खड्ड्यात निघालं. त्याला पाइप बांधला. काळा पाइप सरसर आत. बाबारावकाका खुर्चीवरून उठले, "ओवली!" लोकांच्या टाळ्या. मी खड्ड्यात, चिखलात, हसतेय की रडतेय कोण जाणे.

१६ फेब्रु.
तपासणी झाली, नळ सोडले. कमलाबाईंनी पहिला पेला मला दिला. पूर्ण पिईपर्यंत बघत राहिल्या. मग स्वतः प्यायल्या.

१७ फेब्रु.
अध्यक्षसाहेबांनी बोलावलं. "मॅडम, काम झकास. पण दिसत नाही ना! उद्घाटन कायचं करू? रस्ता मधोमध थोडा खोदा. वरून काच टाकू. लोकायले पाइप दिसला पाह्यजे."
चेष्टा वाटली. नव्हती.
"साहेब, मी नाही खोदणार."
"विचार करा. घाई नाही."
बाहेर आले. बाकावर जेसीबीवाला बसलेला. मला पाहून उठला.
"मॅडम, कोठून सुरू करू?"
म्हटलं, बस जरा. घाई नाही.