एंजल मासे परत नेते

रूपा,

तू झोपली होती म्हणून उठवलं नाय. टाकीतले दोन्ही एंजल मासे पिशवीत घालून पडेगावच्या दुकानात परत नेते. धम्मपालनं एवढे लाल झिंगे पाळले व्हते, आता कोपऱ्यात चारच दिसतात. बाकीचे ह्या दोघांनी गिळले. देखणं दिसलं की घरात आणायचं, ही तुझी खोडच हाय. पण नवरा आज दवाखान्यातून येणार, त्याला टाकी भरलेली दिसावी म्हणून आणले, तेबी मला कळतं.

दुकानदाराला फोनवर विचारलं. तो म्हणला, मावशी, रंग बघू नका, माशाचं तोंड बघा. ज्याच्या तोंडात झिंगा मावतो तो खाणारच. बोटाच्या पेराएवढे रासबोरा मासे न्या, नायतर काचेवरचं शेवाळ चाटणारे बारके मासे. रासबोराबी झिंग्यांची पिल्लं खातात, म्हणून पिल्लांना लपायला पाण्यातलं झाड दाट ठेवा. मी तेच घेऊन येते. तवर टाकीत कायबी सोडू नको.

धम्मपाल आल्या आल्या झिंगेच बघंल. आजारपणात त्याची जीभ लई तिखट झाली. मोठे मासे मी आणले, असं मीच सांगणार. तू मधी बोलायचं नाय. आईला बोलायची त्याची हिंमत नाय.

पलंगाखाली तुझी भरलेली बॅग बघितली. जायचंच असलं तर मी आडवी येणार नाय. पण माशांपायी जाऊ नको.

भाकरी टोपल्यात हाय, खाऊन घे.

कडूबाई